जाहिरात, विक्री आणि जनसंपर्क : बडोद्याच्या तरुणांस वाव

बारावीचा निकाल लागला की सल्ला विचारण्यास येणारे पालक इंजिनीअरिंग आणि बँक यांपलीकडे सहसा पाहत नाहीत. जाहिरात, विक्री, जनसंपर्क यांत आपल्या मुलास काय मिळणार, अशी शंका त्यांच्या मनात असते. तिचे निरसन करण्यापूर्वी या तीन कामांतील भेद पाहू.

मालाची ओळख गिऱ्हाइकास पटवून देणे ही जाहिरात. कोणता माल, कोणास, कोठे व किती किमतीस विकावा हे ठरवून तो दुकानापर्यंत पोचविणे हे विपणन. संस्थेचे म्हणणे लोकांस सांगणे आणि लोकांचे गाऱ्हाणे संस्थेच्या कानी घालणे हा जनसंपर्क.

आता आपल्या भागाकडे वळू. अलेंबिक कारखाना बडोद्यात 1907 साली निघाला. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना 1965 पासून चालू आहे. औषध कंपन्यांस डॉक्टरांकडे जाणारे प्रतिनिधी लागतात. मोठ्या कारखान्यांस आसपासच्या गावांशी बोलणारी माणसे लागतात. ही कामे जागेवर राहूनच होतात. जाहिरातीचे तसे नाही. आणंदचा दूधसंघ 1946 चा. पण अमूल लोण्याच्या जाहिरातीतील ठिपक्यांच्या फ्रॉकची मुलगी 1966 साली जन्मली ती मुंबईच्या जाहिरातकारांच्या हातून. तेव्हा विक्री व जनसंपर्काची नोकरी प्रथम येथेच शोधावी. जाहिरातीच्या लेखनाची वा चित्रांची आवड असणाऱ्याने मुंबई-अहमदाबादेस जाण्याची तयारी ठेवावी. शिक्षण मात्र घरापासून दूर नाही. सयाजीराव विश्वविद्यालयाच्या ललितकला शाखेत उपयोजित कला शिकवितात. अहमदाबादजवळ 1991 साली निघालेली 'मायका' ही संस्था याच विषयांची आहे.

आपल्या मुलांपाशी एक भांडवल आहे. घरी मराठी, बाजारात गुजराती, शाळेत हिंदी व इंग्रजी, अशा चार भाषा त्यांच्या कानावर असतात. 'उत्तम शिक्षा' हे हिंदी शब्द शाळेच्या मराठी जाहिरातीत जसेच्या तसे घातले, तर पालक मुलाला घेऊन परत फिरतील! हा फरक जाणणाऱ्याची किंमत आहे. संगणक आज क्षणात मजकूर जुळवून देतो. म्हणून नुसत्या भाषांतरावर पोट भरणे यापुढे कठीण. मजकूर कानाला रुचतो का आणि खरा आहे का, हे पारखणारा लागेल. पण आमच्या वर्गांत मराठी बोलणारी मुले पुष्कळ असली, तरी शुद्ध लिहिणारी थोडी. हे भांडवल असेच वाया जाऊ द्यायचे काय?

खरेपणाचा मुद्दा केवळ नीतीचा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तसेच केल्यास 50 लाखांपर्यंत.

पालकांनी मुलांस रोज एक पान मराठी व एक पान गुजराती लिहावयास लावावे. विद्यार्थ्यांनी सुटीत एखाद्या दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाईक काय विचारते ते टिपावे. या विद्येचा पहिला धडा तेथेच मिळतो, आणि त्याला फी पडत नाही.