कळफलकातील स्विचांचा संग्रह व जतन



हैदराबादेत राहून सालारजंग वस्तुसंग्रहालयातील वाजणारे घड्याळ ज्याने पाहिले नाही, असा विद्यार्थी विरळाच. तास भरला की एक चिमुकली मूर्ती बाहेर येऊन घंटेवर टोले देते आणि जमलेली मंडळी कौतुकाने पाहत राहतात. तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान १९४९ साली निवर्तले. त्यांचा संग्रह १६ डिसेंबर १९५१ रोजी लोकांसाठी खुला झाला. एका गृहस्थाच्या हौसेतून साऱ्या नगराचे शिक्षण घडले. परंतु संग्रहासाठी नवाबी दौलतच हवी असे मात्र नाही. आगपेटीत मावणाऱ्या वस्तूंचाही अभ्यासपूर्ण संग्रह करता येतो. संगणकाच्या कळफलकातील स्विच ही अशीच एक वस्तू होय.

स्वस्त कळफलकात सर्व अक्षरांखाली बहुधा रबराचा एकच पडदा असतो. यांत्रिक कळफलकात मात्र प्रत्येक अक्षरासाठी स्वतंत्र स्विच असतो. चेरी या जर्मन कंपनीचा सुप्रसिद्ध स्विच उघडला, तर प्लॅस्टिकची खालची पेटी, वरचे झाकण, मधला सरकता दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पातळ पट्ट्या एवढेच भाग हाती येतात. दांडा वर असताना त्याचा पाय दोन पट्ट्यांना एकमेकींपासून दूर ठेवतो. बोटाने सुमारे २ मिलिमीटर दाबताच त्या एकमेकींस टेकतात, विद्युत्प्रवाह वाहतो व अक्षर उमटते. दांड्याचा रंग हीच त्याच्या स्वभावाची खूण. तांबडा सरळ खाली जातो. तपकिरी मध्येच किंचित अडतो. निळा ‘टिक्’ असा आवाज करून आपले काम झाल्याचे सांगतो.

विरळ प्रकार याहून मनोरंजक आहेत. आयबीएम कंपनीच्या १९८५ च्या ‘मॉडेल एम’ कळफलकात स्प्रिंग दाबता दाबता एकाएकी बाजूस वाकते आणि खालची लहानशी पट्टी आपटते. काही जुन्या स्विचांत काचेची नळी असते. चुंबक जवळ येताच तिच्यातील दोन पात्या एकमेकींना चिकटतात. आणखी एका जातीत धातूला धातू लागतच नाही. एडविन हॉल या शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधलेल्या परिणामाच्या आधारे चुंबकाचे सरकणेच तेथे ओळखले जाते. एकच अक्षर उमटविण्यासाठी मानवी बुद्धीने किती वाटा चोखाळल्या, हे असा संग्रह शिकवितो.

आपल्या नगराचा संगणकाशी संबंधही जुना आहे. १९६७ साली येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी संस्था स्थापन झाली व तिने ‘टीडीसी-१२’ हा संगणक तयार केला. जुने कळफलक भंगारात निघत असतात. जुमेरात बाजारात डोळसपणे हिंडणाऱ्यास एखादा गवसतोही. मात्र ते वितळविणाऱ्याच्या भट्टीत गेले की त्यांची कथा तेथेच संपते.

आता माझ्याच एका चुकीची हकीकत सांगतो. माझे वडील कारवारला एका दुकानात हिशेब लिहीत. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी त्यांना त्यांचा जुना कळफलक भेट दिला. वडिलांच्या पश्चात मी त्यातील निळे स्विच काढून एका डब्यात ठेवले. त्याच डब्यात बाजारातून आणलेले निळे स्विचही टाकले. ‘माझ्या लक्षात राहील’ असा भरवसा होता! डबा एका पावसाळ्यात कारवारच्या घरीच राहिला. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेने काही स्प्रिंगांना गंज चढला. त्याचे मला फारसे दुःख नाही. दुःख याचे, की उरलेल्यांपैकी वडिलांच्या बोटांखालचे कोणते आणि बाजारातले कोणते, हे आज मला सांगता येत नाही. रंग एक, बनावट एक, आवाजही एकच! फरक होता तो त्यांच्या चरित्रात, आणि ते मी लिहून ठेवले नव्हते.

म्हणून पहिला नियम हा, की स्विच काढण्यापूर्वी नोंद करावी. क्रमांक, दिनांक, मिळाल्याचे ठिकाण, देणाऱ्याचे नाव व कळफलकाच्या पाठीवरील मजकूर वहीत उतरावा. स्विच कोणत्या अक्षराखाली होता, तेही लिहावे. कारण अंतर सोडण्याच्या लांब पट्टीखाली कित्येकदा अधिक कडक स्प्रिंग असते. तोच क्रमांक स्विचच्या कप्प्यावर चिकटवावा. डाग दिलेले स्विच सोडविताना वडील माणसास जवळ बसवावे व नंतर हात स्वच्छ धुवावेत. जुन्या डागात शिसे असते.

साठवणुकीसाठी कप्प्यांची, घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची पेटी उत्तम. औषधाच्या बाटलीत मिळणारी ओलावा शोषणारी पुडी तीत ठेवावी. पेटी उन्हात ठेवू नये. उन्हाने प्लॅस्टिक पिवळे पडते. खालचे तारेसारखे पाय वाकू नयेत म्हणून स्विच जाड पुठ्ठ्याच्या भोकांत उभे करावेत. स्पंजाचे तुकडे असलेले जुने स्विच वेगळे ठेवावेत, कारण स्पंज कुजून त्याचा चुरा इतरांवर पडतो. तेल मुळीच घालू नये. तेलावर धूळ बसते आणि मूळचा आवाज व स्पर्श बदलतो. एका जातीचे दोन नमुने मिळाल्यास एक अखंड ठेवावा व दुसरा अभ्यासासाठी उघडावा.

मित्रहो, वस्तू गोळा करणे हा संग्रहाचा अर्धाच भाग झाला. तिची हकीकत जपणे हा उरलेला अर्धा. टपाल तिकिटे असोत, नाणी असोत की स्विच असोत, नोंदीवाचून त्यांचा केवळ ढीग होतो. या सुट्टीत आपल्या घरी एखादी जुनी वस्तू निघाली, तर ती उघडण्यापूर्वी आजोबांपाशी वही घेऊन बसा. वस्तू पुढेही टिकेल. सांगणारा मात्र नेहमीच जवळ असेल असे नाही.