दोन राज्यांच्या सीमेवर

लातूरच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरांवर औसा हे गाव आहे. तेथील भुईकोट किल्ला सखल जागी असून त्याच्या भोवती रुंद खंदक आहे. सभोवारची जमीन उंच असल्यामुळे चालून येणाऱ्या सैन्यास किल्ला दुरून दिसत नसे. किल्ल्यावरील पहारेकऱ्यास मात्र शत्रू लांबूनच दिसे. बहमनी राज्य मोडल्यावर या मुलखासाठी दख्खनच्या सुलतानांत वारंवार लढाया झाल्या. पुढे १६३६ मध्ये किल्ला मोगलांनी घेतला. युद्धाचे असेच सावट या भागावर पुन्हा एकदा पडले, ते १९४७ मध्ये.

त्या वर्षी १५ ऑगस्टला भारत स्वतंत्र झाला. औसा मात्र हैदराबाद संस्थानातील उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात होते. निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात सामील न होता स्वतंत्र राहण्याचे ठरविले होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने विलीनीकरणासाठी लढा आरंभला.

पलीकडे सोलापूर जिल्हा मुंबई प्रांतात होता. बार्शीहून लातूरला जाणारी छोटी रेल्वे ही सीमा ओलांडीत असे. दोन्हीकडे भाषा एक, सोयरीक एक, बाजारही एकमेकांवर अवलंबून. राज्ये मात्र वेगळी.

युद्ध टळावे म्हणून २९ नोव्हेंबर १९४७ रोजी उभय सरकारांनी एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार केला. वाटाघाटी चालूच होत्या. पण १९४८ च्या जूनमध्ये त्या फिसकटल्या. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकार संघटनेने खेड्यापाड्यांत दहशत माजविली. अनेक कुटुंबे घरदार सोडून सीमेपलीकडे गेली.

अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून निघाले आणि त्याच दिवशी त्याने नळदुर्ग घेतला. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी सेनापती होते. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. तो दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो.

विजयाच्या या कथेला दुःखाचीही बाजू आहे. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड पुढे निरपराध मुसलमानांवर उगविण्यात आला. उस्मानाबाद जिल्ह्यात त्याची झळ फार मोठी होती. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस या भागात हिंडून ती हकिगत सरकारला कळविली. त्याच समितीला दुसरेही काही आढळले. कित्येक हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना आश्रय दिला होता. काही ठिकाणी हिंदू विणकर आपल्या मुसलमान विणकर बांधवांच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि त्यांपैकी काहींना प्राण गमवावे लागले.

राज्याराज्यांतील तंटा करारांनी मिटो वा शस्त्रांनी, सीमेवरच्या लोकांना त्यानंतरही शेजारीच राहावयाचे असते. त्या विणकरांनी हे ओळखले होते. त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. परंतु मुक्तिसंग्रामाचे स्मरण करताना त्यांचेही स्मरण केले पाहिजे.

स्वाध्याय
१. औशाच्या किल्ल्याची जागा संरक्षणाला सोयीची का होती?
२. ‘जैसे थे’ करार कशासाठी झाला?
३. हिंदू विणकरांच्या वर्तनातून कोणते गुण दिसतात?