डॉक्टर भाच्याला पत्र

पुणे

चि. निखिल यास,


तुझं पत्र दादाने मला वाचायला दिलं. केनियात किसुमूच्या इस्पितळात दिवसभर रुग्ण बघायचे, रात्री कथा लिहायच्या, त्यांचं पुस्तक स्वतःच काढायचं आणि वर बेंगा हे तिथलं गिटारचं संगीत वाजवणाऱ्यांचे अल्बम करायचे, म्हणजे डॉक्टरकी हातची जाणार, असं त्याला वाटतं. मला नाही वाटत. गांबियाचे लेनरी पीटर्स सर्जन होते. इंग्लंडात शिकताना बीबीसीवर आफ्रिकेसाठीचे कार्यक्रम करत. त्यांच्या कविता १९६४ साली इबादानच्या म्बारी या छोट्या प्रकाशनाने काढल्या, दुसऱ्या वर्षी कादंबरी आली. तिचा नायक इंग्लंडहून मायदेशी परतलेला डॉक्टर. पुढे गांबियात त्यांनी शस्त्रक्रियाही केल्या आणि लिहीतही राहिले. तेव्हा दादाला मी समजावीन.

मला खटकलं ते तुझं एक वाक्य. 'इथले म्हातारे वादक पैशांचं विचारतही नाहीत, खुशीने वाजवतात.'

दक्षिण आफ्रिकेतला गायक सॉलोमन लिंडा, त्यानेही विचारलं नव्हतं. १९३९ साली जोहान्सबर्गला त्याने आपल्या साथीदारांबरोबर 'म्बुबे' हे गाणं गायलं. रेकॉर्डिंग चालू असतानाच त्याला वरच्या पट्टीतली एक लकेर सुचली. ती लकेर जगभर गेली. अमेरिकेत तिच्यावर नवं गाणं उभं राहिलं, ते 'द लायन किंग' या चित्रपटातही आलं. लिंडाने हक्क लिहून दिले होते दहा शिलिंगांना. १९६२ मध्ये मूत्रपिंडं निकामी होऊन तो गेला, वय ५३. बायकोकडे थडग्यावर दगड बसवण्यापुरतेही पैसे नव्हते. मुलींना कोर्टाची पायरी चढावी लागली आणि तडजोड झाली ती २००६ साली. ही हकीकत आठवली की मला आजही संताप येतो. सही तर त्याने केली होती ना? कागद होता. कागदाचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता.

तू रोज संमतिपत्रावर सह्या घेतोस. पोट कुठे उघडणार, काय बिघडू शकतं, हे रुग्णाच्या भाषेत सांगितल्याशिवाय ती सही घेऊ नये, हे तुला मी सांगायला नको. स्टुडिओतही तसंच कर. चाल कुणाची, विक्रीतला वाटा किती, रेडिओने वाजवलं तर काय, उद्या कुणी जाहिरातीत वापरलं तर काय, हे सगळं त्यांच्या लुओ भाषेत बोल. कागदाची प्रत त्यांच्या घरी राहू दे. अल्बमवर प्रत्येकाचं नाव हवं, कोरसमधल्या बायकांचंही. बेंगाची गिटार ज्या न्यातिती या आठ तारांच्या वाद्यावरून आली, ती वाजवणारा म्हातारा तुला भेटला आहे. त्याचं नाव तुझ्या नावाच्या आधी छाप.

आणखी एक, आणि याबाबतीत मी अजिबात सूट देणार नाही. जो वादक तुझा रुग्ण आहे, किंवा ज्याची बायको-मूल तुझ्या वॉर्डात आहे, त्याच्याशी करार करू नकोस. तो तुला नाही म्हणूच शकत नाही. त्याची खुशी तुला खरी वाटेल, कदाचित असेलही, पण ती तपासायचा मार्ग तुझ्याकडे नाही. उपचार संपू देत, तो गावी जाऊ दे, मग दुसऱ्या कुणाकरवी विचार.

कथांचंही असंच. नुसतं नाव बदलून भागत नाही. सरोवराकाठच्या गावात आजार, होडी आणि मुलांची संख्या एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. तुझ्या तिसऱ्या कथेतली बाई मला इथे बसून दिसली, तिच्या शेजारणीला दिसणार नाही का? ती कथा सर्वांत चांगली उतरली आहे, म्हणूनच सांगते, आत्ता छापू नकोस. तिला विचारता येत असेल तर विचार, नाहीतर राहू दे.

कराराचा मसुदा आधी मला पाठव. माझी वकील मैत्रीण बघून देईल. लुओ तर्जुमा मात्र तिथल्याच माणसाकडून करून घे, आणि तो तुझ्या इस्पितळातला नको.

तुझी,
आत्या