पर्सेंटाईल, गुण आणि क्रमांक : प्रवेश-परीक्षेचा निकाल कसा वाचावा



घरात बारावीला बसलेला मुलगा वा मुलगी असली म्हणजे दोन निकालांची वाट पाहावी लागते. एक परीक्षा मंडळाचा आणि दुसरा प्रवेश-परीक्षेचा. पहिला निकाल सर्वांनाच वाचता येतो. शंभरापैकी नव्वद म्हणजे उत्तम, साठ म्हणजे बरे आणि पस्तीस म्हणजे सुटलो, ही मोजपट्टी आजोबांच्या काळापासून घराघरांत आहे. दुसरा निकालही आपण त्याच मोजपट्टीने वाचू लागतो आणि तेथेच घोटाळा होतो. ज्याला ९० पर्सेंटाईल मिळाले त्याच्या घरी पेढे वाटले जातात, ज्याला ३०० पैकी १५० गुण मिळाले त्याला मात्र “निम्मेच ना?” असे ऐकून घ्यावे लागते. वास्तविक जे.ई.ई. मेन या परीक्षेत निम्म्या गुणांवरही ९५ च्या आसपासचे पर्सेंटाईल येऊ शकते. म्हणजे ज्याला बोल लावला तोच रांगेत पुष्कळ पुढे उभा असतो!

आमच्या शाळेत दहावीपर्यंतचेच वर्ग आहेत. तरीही दोन वर्षांनी माजी विद्यार्थी निकालाचा कागद हातात घेऊन आमच्याकडे येतात, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या आईवडिलांचा प्रश्न बहुधा एकच असतो : “सर, हे चांगले म्हणायचे का?” त्या प्रश्नाचा विचार दहावीत असतानाच करून ठेवणे बरे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. शेकडा गुण म्हणजे प्रश्नपत्रिकेशी केलेली आपली तुलना. पर्सेंटाईल म्हणजे इतर उमेदवारांशी केलेली तुलना. संख्याशास्त्रात यास शतमक म्हणतात. ते काढण्याची रीत सोपी आहे. आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळालेले उमेदवार किती ते मोजावे, त्या संख्येस एकूण उमेदवारांच्या संख्येने भागावे आणि शंभराने गुणावे. समजा, वर्गात ४० विद्यार्थी आहेत आणि पेपर फार कठीण निघाला. एका मुलीला ५२ गुण मिळाले आणि तिच्यापुढे केवळ दोघेच आहेत. तिच्याइतके वा तिच्याहून कमी गुण असलेले, तिला धरून, ३८ झाले. ३८ भागिले ४०, गुणिले १००, म्हणजे ९५. पुढच्या महिन्यात पेपर सोपा आला. तिला ८५ गुण मिळाले, पण वीस जण तिच्याही पुढे गेले. आता उत्तर येते ५०. गुण तेहतीसने वाढले आणि पर्सेंटाईल जवळजवळ निम्म्यावर आले! यांत गूढ काही नाही. कुडवाने मोजलेले भात आणि किलोने तोललेले काजू यांचे आकडे शेजारी मांडून कोणते अधिक असे कोणी विचारीत नाही. येथे मात्र आपण नेमके तेच करतो.

मग सरळ गुणच का सांगत नाहीत? कारण जे.ई.ई. मेन ही परीक्षा एका दिवसात होत नाही. संगणकावर, अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत ती घेतली जाते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. सोमवारी सकाळी सोपा पेपर मिळालेल्याने मंगळवारी दुपारी कठीण पेपर मिळालेल्यावर मात करावी, हे न्यायाचे नव्हे. यास्तव २०१९ पासून प्रत्येक उमेदवाराची तुलना त्याच्याच सत्रातील उमेदवारांशी करून पर्सेंटाईल काढतात आणि मग सर्व सत्रांची एकत्र यादी लावतात. ते दशांश चिन्हापुढे सात स्थळांपर्यंत देतात. पालकांना हा अतिरेक वाटतो. परंतु २०२५ साली जानेवारी आणि एप्रिल मिळून सुमारे १४ लाख ७५ हजार उमेदवार या परीक्षेस बसले. इतक्या जणांना एका रांगेत उभे करायचे तर दोन स्थळे कशी पुरावीत? जो दोन्ही वेळा बसला त्याचे अधिक चांगले पर्सेंटाईल धरतात.

आता पर्सेंटाईलवरून रांगेतील जागा अंदाजाने काढता येते. शंभरातून आपले पर्सेंटाईल वजा करावे. जे उरेल तितके टक्के उमेदवार आपल्यापुढे आहेत. २०२५ चा आकडा धरला तर ९९ पर्सेंटाईल म्हणजे पुढे सुमारे १४,७५० जण; ९५ म्हणजे सुमारे ७३,७५० जण; आणि ज्याचे पेढे वाटले ते ९० म्हणजे पुढे सुमारे १,४७,५०० जण. पेढे वाटू नयेत असे आमचे म्हणणे नाही. नव्वद टक्के उमेदवारांस मागे टाकणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या आकड्यावर कोणते दार उघडते हे आधी पाहिलेले बरे.

शिवाय तेच पर्सेंटाईल दरवर्षी तेच दार उघडील असेही नाही. मेन परीक्षेतून सुमारे अडीच लाख उमेदवार जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड या पुढच्या परीक्षेसाठी निवडले जातात. सर्वसाधारण गटासाठी ही मर्यादा २०२१ साली ८७.८९९२२४१ होती, २०२५ साली ती ९३.१०२३२६२ झाली. म्हणजे ९० पर्सेंटाईल मिळवणारा २०२१ साली पात्र ठरला आणि २०२५ साली बाहेर राहिला. त्याची बुद्धी कमी झाली काय? नाही. २०२१ साली परीक्षेस बसलेले सुमारे नऊ लाख चाळीस हजार होते. चार वर्षांत ते पावणेपंधरा लाखांच्या घरात गेले, आणि निवडायचे मात्र अडीच लाखच राहिले. दादाच्या वेळच्या पर्सेंटाईलशी धाकट्या बहिणीचे पर्सेंटाईल ताडून पाहणाऱ्या घरांनी एवढे ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. खळ्यावर भाताची रास घातली म्हणजे ती मध्यभागी जाड आणि कडेला विरळ असते. गुणांचेही तसेच. मध्यम गुणांच्या आसपास उमेदवारांची अतोनात दाटी असते. तेथे एखादा प्रश्न सुटला वा चुकला तरी हजारो जण मागे पडतात वा पुढे जातात. वरच्या टोकाला दाटी विरळ. तेथे पुष्कळ गुण वाढवावे तेव्हा कोठे पर्सेंटाईल थोडेसे हलते. ९८ वरून ९९ वर जाण्यास लागणारे कष्ट ६० वरून ६१ वर जाण्याच्या कष्टांहून कितीतरी अधिक असतात, जरी दोन्हीकडे फरक एकाचाच दिसत असला तरी.

या दाटीत एका प्रश्नाची किंमत मोठी असते. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकल्यास १ वजा. म्हणजे प्रश्न येत असूनही त्याचा अर्थ चुकीचा लागला तर पाच गुणांचे अंतर पडते. म्हणून भाषेचा विचार येथेच केला पाहिजे. जे.ई.ई. मेन आणि वैद्यकीय प्रवेशाची नीट, या दोन्ही परीक्षांच्या प्रश्नपत्रिका १३ भाषांतून निघत आल्या आहेत. त्यांत मराठी आहे. आमची घरची कोंकणी त्यांत नाही, याची खंत आहेच; असो. परंतु प्रादेशिक भाषेतील प्रश्नपत्रिका त्या त्या भाषेसाठी नेमून दिलेल्या राज्यांतील केंद्रांवरच मिळते. महाराष्ट्राबाहेरच्या आपणां मराठी कुटुंबांनी म्हणूनच अर्ज भरण्यापूर्वी माहितीपत्रकात केंद्रांचा तक्ता पाहावा. भाषांतरात संदिग्धता आढळली तर इंग्रजी पाठच अंतिम मानतात, हाही नियम आहे. दहावीपर्यंत मराठीतून शास्त्र शिकलेल्यांनी अकरावीच्या प्रारंभीच एक वही करावी : डावीकडे ‘त्वरण’, उजवीकडे ‘ॲक्सिलरेशन’, डावीकडे ‘संवेग’, उजवीकडे ‘मोमेंटम’. दोन महिन्यांत ती भरते.

नीट परीक्षेची तऱ्हा निराळी. २०२४ आणि २०२५ साली ती देशभर एकाच दिवशी, एकाच वेळी, कागदावर झाली. म्हणून तेथे ७२० पैकी मिळालेल्या गुणांवरच क्रमांक लागला. मग गुण सांगितले की अर्थ कळला असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. २०२४ साली ६५० वा अधिक गुण मिळवणारे तीस हजारांच्या आसपास होते आणि सुधारित निकालानंतरही १७ जणांस ७२० पैकी ७२० होते. (त्या वर्षीचे पेपरफुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, हे पुष्कळांस आठवत असेल.) २०२५ साली पेपर कठीण निघाला. देशात पहिल्या आलेल्या उमेदवाराचेच गुण ६८६ होते, आणि ६५० च्या पुढे गेलेले अवघे ७३ जण. तेच ६५० गुण : एका वर्षी तीस हजारांच्या गर्दीत, दुसऱ्या वर्षी देशातील पहिल्या शंभरात! शेजारच्या मुलाचे २०२४ चे गुण सांगून २०२५ च्या मुलीस ज्यांनी खाली मान घालायला लावली, त्यांनी केवढा अन्याय केला याचा विचार करावा.

‘पात्र’ हा शब्दही असाच फसवा आहे. नीटमध्ये सर्वसाधारण गटास पात्रतेसाठी ५० वे पर्सेंटाईल लागते. २०२५ साली ते १४४ गुणांवर आले, म्हणजे ७२० च्या अवघे वीस टक्के. सुमारे २२ लाख उमेदवारांपैकी १२,३६,५३१ पात्र ठरले, एम.बी.बी.एस.च्या जागा देशात सव्वा लाखाच्या आसपास. दहा पात्र उमेदवारांमागे एक जागा, असा हा हिशेब. ॲडव्हान्स्ड परीक्षेतही २०२५ साली ५४,३७८ जण उत्तीर्ण झाले आणि सर्व आय.आय.टीं.च्या मिळून जागा होत्या १८,१६०. पात्र होणे म्हणजे रांगेत उभे राहण्याची चिठ्ठी मिळणे. आत जाण्याची नव्हे. शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत हे वेगळे करून सांगितलेले आम्ही तरी पाहिले नाही. उलट एखाद्या मुलास एकाच विषयात १०० पर्सेंटाईल मिळाले की त्याचे छायाचित्र त्या शंभराच्या आकड्यासह झळकते. विषयवार पर्सेंटाईल निकालपत्रात असते हे खरे, पण महाविद्यालयात घेतात ते एकूण क्रमांक पाहून.

तर मग ‘चांगले’ कशास म्हणावे? ज्या महाविद्यालयातील ज्या शाखेत जायचे आहे, तेथे मागील वर्षी शेवटचा प्रवेश ज्या क्रमांकास मिळाला त्याच्या आत आपला क्रमांक असणे, यास आम्ही चांगले म्हणतो. दुसरी व्याख्या आम्हांस तरी सापडलेली नाही. जोसा या केंद्रीय प्रवेश-व्यवस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक संस्थेचे, प्रत्येक शाखेचे आरंभीचे आणि अखेरचे क्रमांक दिलेले असतात. तो तक्ता वाचताना पहिली फेरी सोडून शेवटची फेरी पाहावी, आणि एकाच वर्षाचा न पाहता तीन वर्षांचा पाहावा. एन.आय.टी.साठी मेनचा क्रमांक चालतो, आय.आय.टी.साठी ॲडव्हान्स्डचा निराळा क्रमांक लागतो. हे दोन क्रमांक एकमेकांत मिसळून दुःखी झालेले पालक आम्ही पाहिले आहेत. आपण राखीव गटात मोडत असल्यास त्या गटाच्या यादीतील क्रमांक त्या गटाच्याच अखेरच्या क्रमांकाशी ताडावा. गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप समाज २००३ पासून अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. त्या घरांतील मुलांनी सर्वसाधारण यादी पाहून आधीच निराश होण्याचे कारण नाही.

आता राज्याचा प्रश्न. आय.आय.टी.मध्ये राज्यासाठी राखीव जागा नसतात. एन.आय.टी.मध्ये निम्म्या जागा त्या त्या राज्यासाठी ठेवलेल्या असतात, आणि म्हणून कुंकळ्ळीच्या आपल्या एन.आय.टी.च्या तक्त्यात गोव्याची रांग वेगळी दिसते. बाहेरच्यास जो क्रमांक पुरत नाही तो गोव्याच्या उमेदवारास पुरू शकतो. येथे एक बारीक अट आहे. एन.आय.टी.साठी आपले राज्य कोणते हे घर कोठे यावरून न ठरवता बारावी कोठून उत्तीर्ण झालो यावरून ठरवतात. शिकवणीसाठी मुलास अकरावीलाच कोटा, पुणे वा बेळगाव येथील महाविद्यालयात घालण्याची लाट आली आहे. बारावी तिकडे झाली की तो त्या राज्याचा उमेदवार होतो आणि गोव्याची रांग त्याला बंद होते. हा निर्णय दहावीच्या सुट्टीत घेतला जातो आणि त्याचा परिणाम दोन वर्षांनी कळतो.

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजसाठी अटी वेगळ्या. तेथे १५ टक्के जागा अखिल भारतीय यादीतून आणि ८५ टक्के राज्याच्या यादीतून भरल्या जातात. राज्याच्या यादीसाठी रहिवासाचे आणि शिक्षणाचे नियम राज्य सरकारच्या माहितीपत्रकात असतात. मुलीचा देशातील क्रमांक लाखाच्या पलीकडे गेला म्हणून फॉर्म न भरण्यापूर्वी राज्याच्या यादीत ती कितवी येते ते पाहावे.

इतर राज्यांच्या परीक्षांचे दोनच शब्द. महाराष्ट्राच्या एम.एच.टी.-सी.ई.टी.त गणित गटाचे आणि जीवशास्त्र गटाचे पर्सेंटाईल स्वतंत्र काढतात. एकातील ९५ म्हणजे दुसऱ्यातील ९५ नव्हे. कर्नाटकात अभियांत्रिकीसाठी सी.ई.टी.बरोबर बारावीचे गुणही निम्मे धरतात. आणि एन.आय.टी., आय.आय.टी.तही बारावीला किमान ७५ टक्के गुण किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये स्थान ही अट आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी ती ६५ टक्क्यांची आहे. क्रमांक हाती असून बारावीच्या गुणांपायी जागा गेली, असे होऊ शकते. निकालाचा कागद घेऊन येणाऱ्यांनी म्हणून बारावीचे गुणपत्रक, गटाचा दाखला असल्यास तो, आणि मागील तीन वर्षांच्या शेवटच्या फेरीचा तक्ता, एवढे बरोबर आणावे. मग “चांगले का?” या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या तासात मिळते.