बोटांनी कापलेले यकृत

रायवळ आंबा चोखण्यापूर्वी आपण तो बोटांनी दाबून मऊ करतो. आतल्या गराचा रस होतो, पण कोयीला धरून असलेले धागे तुटत नाहीत. दाब एकच, गर फुटतो, धागा टिकतो. व्हिएतनाममधील शल्यचिकित्सक तोन थात तुंग (1912–1982) यांनी याच तत्त्वावर यकृतातील कर्करोगाच्या गाठी काढल्या. त्यासाठी बोटे का वापरावी लागली, हे आधी समजून घेऊ.

प्रौढ माणसाचे यकृत साधारण दीड किलो वजनाचे असते. हृदय मिनिटाला पाच-सहा लिटर रक्त ढकलते. त्याचा सुमारे चौथा हिस्सा यकृतातून जातो. यातले तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणारी प्रवेशिका नीला आणते आणि उरलेले यकृत-रोहिणी. अशा अवयवावर सुरी चालवली तर काय होईल? यकृतातल्या पातळ भिंतीच्या नीला भोवतालच्या पेशींनी ताणून धरलेल्या असतात. कापल्या तरी त्या मिटत नाहीत. टाका घालावा तर दोरा आरपार निघून येतो. खरवसाची वडी सुईदोऱ्याने शिवून पाहा, म्हणजे अडचण कळेल. 1908 मध्ये ग्लासगोच्या प्रिंगल यांनी यकृतात शिरणाऱ्या रक्तवाहिन्या काही काळ दाबून धरण्याची युक्ती प्रसिद्ध केली. रक्तस्राव थोपला; पण कापायचे नेमके कोठून, हा प्रश्न राहिलाच.

तुंग तेव्हा हानोईच्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर होते. 1935 ते 1939 या काळात त्यांनी शवविच्छेदनातून मिळालेली सुमारे 200 यकृते घेतली आणि भोवतालचा मऊ भाग खरवडून आतल्या वाहिन्या मोकळ्या केल्या. किती किचकट काम! पण त्यातून यकृताचा अंतर्गत नकाशा हाती आला.

कालव्याच्या पाण्यावरची शेते डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक शेताला स्वतंत्र चारी असते आणि जादा पाणी बांधालगतच्या चरातून वाहून जाते. यकृताच्या प्रत्येक विभागातही प्रवेशिका नीलेची, रोहिणीची आणि पित्तनलिकेची स्वतंत्र शाखा जाते; रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या नीला दोन विभागांच्या सीमेवरून धावतात. एक चारी बंद केली तर तेवढेच शेत सुकते. तसाच एक विभाग काढला तरी बाकीचे यकृत जगते, इतकेच नव्हे तर वाढून बरीचशी तूट भरून काढते. (आज वापरात असलेली आठ विभागांची मांडणी मात्र फ्रान्सच्या क्विनो यांची, 1957 ची.)

पुढची अनेक वर्षे युद्धाची होती. 1963 मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात तुंग यांची शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध झाली. यकृताकडे येणारे रक्त थांबवायचे, सीमारेषेवर यकृत बोटांच्या चिमटीत चुरडायचे, चिमटीत वाहिनी लागली की ती बांधून कापायची. पेशी चुरगळतात, कोलॅजेनच्या चिवट तंतूंनी बनलेल्या वाहिन्यांच्या भिंती शाबूत राहतात. सुरीला हा भेद कळत नाही, बोटाला कळतो. तैवानमध्ये लिन यांनीही 1958 मध्ये बोटांनीच यकृत फोडण्याची पद्धत मांडली होती, तेव्हा सारे श्रेय एकालाच देणे बरे नव्हे. नकाशा, रक्त थांबवणे आणि बोटे यांची सांगड ही तुंग यांची खरी कामगिरी, असे मला वाटते. यात घाई अटळ होती, कारण रक्ताविना यकृताच्या पेशी फार वेळ तग धरत नाहीत. म्हणून आजही अनेक शल्यचिकित्सक साधारण पंधरा मिनिटे रक्त थांबवतात, पाच मिनिटे सोडतात आणि पुन्हा थांबवतात.

ही शस्त्रक्रिया प्रत्येक रुग्णाला लागू पडत नाही. यकृताच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण आधीच हिपॅटायटिस-बी किंवा सी या विषाणूंनी अथवा मद्याने यकृत निबर झालेले असतात. अशा यकृताची वाढण्याची शक्ती क्षीण असते. मोठा भाग काढला तर उरलेला भाग शरीराचा भार पेलू शकत नाही. म्हणून किती कापायचे यापेक्षा किती उरेल, याचाच हिशेब आधी करावा लागतो. हिपॅटायटिस-बीची लस आज आपल्याकडे तान्ह्या बाळांनाही देतात, तिचे एक कारण हा कर्करोगच आहे.

आता बोटांचे काम पुष्कळ ठिकाणी यंत्राकडे गेले आहे. एका यंत्राचे धातूचे पोकळ टोक सेकंदाला सुमारे 23,000 वेळा कंप पावते. हा आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. पाण्याने भरलेल्या पेशी त्या कंपनांनी फुटतात आणि टोकातूनच शोषल्या जातात. चिवट वाहिन्या मात्र धाग्यांसारख्या उघड्या पडतात. मग शल्यचिकित्सक एकेक वाहिनी बांधत पुढे सरकतो.