वर्गातील गोगलगाय व तिचे पाण्याचे पात्र

मृगाच्या सरी पडल्या की खेड्यातील मुले शाळेत गोगलगाई घेऊन येतात. निसर्गनिरीक्षणाला असा आयता पाहुणा दुसरा मिळणे कठीण. पेटीत ओलसर माती घालून, वर जाळी बसवून तिची सोय केली जाते, पाला दिला जातो आणि मग कोणी तरी कनवाळूपणाने काठोकाठ भरलेली वाटी आत ठेवतो. पुष्कळदा त्याच वाटीत दुसऱ्या दिवशी ती मेलेली आढळते. पाण्यातला जीव पाण्यात कसा मेला, हा मुलांचा प्रश्न मग शिक्षकांपुढे येतो.

जमिनीवरील गोगलगाय हा पाण्यातला जीव नव्हेच. तिच्या शंखाच्या कडेशी, बहुधा उजव्या अंगाला, उघडझाप करणारे एक छिद्र असते. त्यातून हवा आतील फुप्फुसासारख्या पोकळीत जाते. शिक्षकांनी हे छिद्र मुलांना भिंगातून अवश्य दाखवावे. उलटी पडून शंखात आखडलेली गोगलगाय फार वेळ पाण्याखाली राहिली, तर गुदमरून मरते. शेतात व तळ्यात आढळणारी, शंखाच्या तोंडाशी टणक झाकण असलेली पाणगोगलगाय निराळी. तिला कल्ला व फुप्फुस दोन्ही असल्याने खोल भांडे चालते. मुले दोघींची गल्लत करतात.

गोगलगाय तोंडाने पाणी पिते, तसेच तळपायाच्या कातडीतूनही ते शोषून घेते. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ या म्हणीत शास्त्राचा अंश आहे तो असा. तिला पाण्याची खोली नको, ओला पृष्ठभाग हवा.

तेव्हा पात्र निवडताना शंखाचे माप घ्यावे. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या, मोहरीएवढ्या पिलांना पात्र देऊच नये. पेटीच्या आतील भिंतीवर पाण्याचे थेंब शिंपडावेत आणि ओल्या फडक्याचा तुकडा ठेवावा, तेवढे पुरते. बोराएवढ्या गोगलगाईस बाटलीचे उथळ झाकण पुरेसे असते; त्यात दोनचार खडे टाकले म्हणजे पाय टेकायला जागा राहते. त्याहून मोठीस मातीची पणती किंवा परळ द्यावा. माती खरबरीत असल्याने तिला धरून चढता येते. पणती मातीत अशी रुतवावी की तिचा काठ जमिनीबरोबर येईल व धक्क्याने ती कलंडणार नाही. पाणी शंखाच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक असू नये. ही उंची व ही खोली मुलांनीच पट्टीने मोजून वहीत लिहावी. गणिताचा तास वेगळा घ्यावा लागत नाही. एकाच पेटीत लहानमोठ्या गोगलगाई असल्यास माप सर्वांत लहानीचे धरावे, ही गोष्ट नेहमी विसरली जाते.

भांड्याच्या धातूकडेही लक्ष हवे. तांब्याची किंवा पितळेची वाटी कधीही देऊ नये. तांबे गोगलगाईस विषारी आहे. याच कारणाने शेतकरी तिच्याविरुद्ध मोरचूद वापरतात. विहिरीत जंतुनाशक पूड टाकली असल्यास ते पाणी दिवसभर पसरट भांड्यात उघडे ठेवून मग द्यावे. पाणी रोज बदलावे, पात्र साबणाविना घासावे. कोरड्या दिवसांत शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून बसलेली गोगलगाय मेली असे समजून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतू नये. बाजूची माती किंचित ओली केली म्हणजे ती आपण होऊन बाहेर येते.

मुलाने बोटाहून लांब, तपकिरी पट्ट्यांचा शंख आणला, तर तो मात्र पाळू नये. ही आफ्रिकेतील शंखी गोगलगाय. 1847 मध्ये विल्यम बेन्सन यांनी ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली, आणि 2022 च्या पावसाळ्यात मराठवाड्यातील सोयाबीनच्या कोवळ्या रोपांचा गोगलगाईंनी केलेला फडशा अनेक शिक्षकांनी प्रत्यक्ष पाहिला आहे. उंदरांच्या फुप्फुसातील एक जंत तिच्यामार्फत माणसापर्यंत पोचू शकतो. ती परत शेतात सोडू नये. कृषी विभागास कळवावे. कोणतीही गोगलगाय हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत, आणि पेटीजवळ डबे उघडू नयेत.

रविवारी शाळा बंद असते व पणती कोरडी पडते. म्हणून स्थानिक गोगलगाई शनिवारी जेथून आणल्या तेथेच, सावलीत, मुलांच्या हातून सोडवाव्यात. सोमवारी नव्या आणता येतात.