थायलंडच्या तिकिटाआधी

समीर, टेलिग्रामवरची ती बँकॉकची ‘डेटा एंट्री’ तू दाखवलीस तेव्हा तुझ्या या आत्याने लगेच मोडता घातला नाही. आता नीट ऐक.

पगाराचा आकडा राहू दे, मुलाखत कशी झाली ते बघ. व्हॉट्सॲपवर दहा मिनिटं, टायपिंगचा वेग विचारला, मार्कलिस्टही मागितली नाही, आणि वर तिकीट त्यांचंच! लाखभर पगार देणारा इतका बेफिकीर नसतो. ते तिकीट पुढे तुझ्याच नावावर कर्ज म्हणून चढतं.

‘विमानतळावर फिरायला चाललोय म्हणून सांग,’ असं जो म्हणेल त्याचा नंबर तिथल्या तिथे ब्लॉक कर. नोकरीचा व्हिसा वेगळा असतो. तू दहावी पास, म्हणून तुझा पासपोर्ट ईसीएनआर. त्याची आपल्याकडे मोठी ऐट! पण त्यावर परदेशी नोकरीला जायला सरकारी मंजुरी लागत नाही म्हणजे जाण्याआधी तुझा करारही कुणी तपासत नाही. तो तूच तपासायचा. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव शोध. नोंदणी असलेल्यालाही ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. तेही पावती देऊन.

बँकॉकला उतरलेल्या पोरांना गाडीत घालून माए सोतला नेतात. तिथून मोई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. ऑनलाइन फसवणुकीसाठी कुप्रसिद्ध झालेलं केके पार्क तिकडचंच. पासपोर्ट काढून घेतात, बाईच्या खोट्या फोटोआडून लोकांना लुबाडायला बसवतात. नाही म्हटलं की मार. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने एजंटही पकडले. हे एजंट परके नसतात बरं का, कधी आपल्याच ओळखीतला, आधी जाऊन आलेला पोरगा असतो.

तरी जायचंच असेल तर पासपोर्ट, व्हिसा, करार सगळ्याच्या झेरॉक्स माझ्याकडे ठेव. पासपोर्ट कुणी ‘ऑफिसात जमा कर’ म्हटलं तर द्यायचा नाही. गाडी बँकॉकबाहेर निघाली तर लोकेशन पाठव आणि भारतीय दूतावासाचा नंबर आधीच पाठ कर.

फोनवर बोलताना शेजारी कुणी उभं असेल आणि बोलता येत नसेल, तर ‘टॉमीला खायला घातलं का’ एवढंच विचार. आपल्याकडे कुत्रा नाही. मी त्याच क्षणी पोलीस ठाण्याकडे निघेन.